अहवाल दिला की काम संपलं?
स्नायूंच्या आनुवंशिक आजारांची जनुकीय चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळांना खुलं पत्र

सन्माननीय संचालक आणि अहवालांवर सही करणारे तज्ज्ञ, यांना

स. न. वि. वि.

थोड्या दिवसांपूर्वी तुमच्यापैकी एका प्रयोगशाळेचं पत्र आमच्या घरी आलं. माझ्या धाकट्या भावाच्या जनुकीय चाचणीचा जुना अहवाल आजच्या माहितीच्या आधारे पुन्हा तपासून द्यावा, एवढीच आमची विनंती होती. उत्तर असं होतं: अहवाल हा तो दिला त्या तारखेच्या ज्ञानावर आधारलेला असतो, जुन्या अहवालांची फेरतपासणी आता बंद करण्यात आली आहे, गरज वाटल्यास नवा नमुना देऊन पूर्ण चाचणी पुन्हा करून घ्यावी. खाली सही, शिक्का आणि ‘शंका असल्यास आपल्या डॉक्टरांशी संपर्क साधावा’ हे नेहमीचं वाक्य. त्या डॉक्टरांनीच तर आम्हाला तुमच्याकडे पाठवलं होतं.

प्रयोगशाळेचं नाव मी घेत नाही. असंच धोरण इतरही काही जणांचं आहे, हे चौकशी केल्यावर कळलं. कुणी ते लेखी ठेवतं, कुणी उत्तरच न देऊन पाळतं. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना. आणि ते उघड लिहिते आहे, कारण ज्या घरांत असे अर्धवट अहवाल कपाटात पडून आहेत त्यांनीही ते वाचावं.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगते. भाऊ विशीत येईपर्यंत धावण्यात कुणाला हार जात नव्हता. मग त्याला चवड्यांवर उभं राहता येईना. पोटऱ्या बारीक होत गेल्या. स्नायू झिजले की रक्तात उतरणारं सीके हे एन्झाइम तपासलं, तर ते सामान्य मर्यादेच्या कितीतरी पट निघालं. स्नायूच्या तुकड्यात दाह दिसला, त्यावरून पॉलिमायोसायटिस, म्हणजे स्नायूंचा दाह, असं निदान झालं आणि स्टेरॉइड सुरू झाली. चेहरा सुजला, साखर वाढली, ताकद मात्र उतरतच राहिली. डिसफर्लिन या स्नायूतल्या प्रथिनाच्या बिघाडामुळे होणाऱ्या आजारात असं निदान चुकणं नेहमीचंच आहे, हे आम्हाला फार नंतर समजलं. या आजारात स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डिफ्लाझाकोर्ट या स्टेरॉइडच्या नियंत्रित चाचणीत तर ताकद वाढण्याऐवजी घटण्याकडेच कल दिसला होता.

आज तो जिना चढतो तेव्हा आधी कठड्याला धरतो, एक पाय वरच्या पायरीवर ठेवतो, मग दुसरा हात त्याच मांडीवर दाबून सगळं अंग हाताच्या जोरावर वर लोटतो. पायरी चढून झाली की थांबतो, पाय सरळ ताठ झालाय ना याची खात्री करतो, कारण गुडघा किंचित वाकलेला राहिला तर तो कोसळतो. मग पुढची पायरी. हे सारं तो इतक्या सवयीने करतो की नवख्या माणसाला वाटावं, हा नुसता रमतगमत चाललाय.

तुमच्या अहवालात त्याच्या डीवायएसएफ, म्हणजे डिसफर्लिन बनवणाऱ्या, जनुकात दोन बदल लिहिले आहेत. एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून; आईवडिलांची चाचणी करून ते पक्कं झालेलं आहे. पहिल्या बदलामुळे प्रथिनाच्या मध्येच ‘थांबा’ येतो, त्यामुळे त्या प्रतीपासून कामाचं प्रथिन बनत नाही. तो रोगकारक, यावर कुणाचं दुमत नाही. दुसऱ्या बदलाने प्रथिनात एका जागी ग्लायसिनऐवजी अर्जिनिन आलं आहे; ही दोन्ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले मणी. त्यापुढे तुम्ही लिहिलंत: व्हीयूएस, महत्त्व अनिश्चित. आणि खाली निष्कर्ष: निदान अनिर्णीत.

हा आजार अप्रभावी पद्धतीने येतो, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच होतो. त्यामुळे सगळी गाडी अडली आहे ती त्या दुसऱ्या बदलावर. तो रोगकारक असेल तर निदान झालं. तो निरुपद्रवी असेल तर भावाला दुसरंच काहीतरी झालं आहे आणि शोध पुन्हा पहिल्यापासून करायला हवा. दोन्हींपैकी काहीही ऐकायची आमची तयारी आहे. या भिजत घोंगड्याची मात्र नाही.

आता त्या प्रथिनाबद्दल, कारण माझ्या सगळ्या तक्रारींचं मूळ तिथे आहे. स्नायू आकसतो आणि सैल पडतो तेव्हा स्नायुतंतूच्या बाहेरच्या आवरणाला सतत बारीक चिरा पडतात. हे तुमच्याआमच्या सगळ्यांच्या अंगात रोज घडतं. चिरेतून कॅल्शियम आत शिरतं, त्याची चाहूल डिसफर्लिनला लागते आणि पेशीतल्या लहान पिशव्या चिरेपाशी आणून तिथे ठिगळ लावलं जातं. डिसफर्लिन नसलेल्या उंदरांच्या स्नायूंत ही दुरुस्ती होत नाही, हे २००३ साली दाखवलं गेलं. २,०८० अमिनो आम्लांचं हे प्रथिन. त्यात कॅल्शियम आणि आवरणातल्या मेदाशी जुळणारे सात घडीचे भाग आहेत. ग्लायसिन हे सगळ्यांत लहान अमिनो आम्ल, घट्ट वळणाच्या जागी नेमकं बसणारं. अर्जिनिन लांब आणि धन विद्युतभार असलेलं. अशा जागी ते आलं तर घडी बिघडू शकते. बिघडेलच असं नाही. पण बिघडते का, याचं उत्तर प्रथिनाकडे आहे, आणि तुम्ही प्रथिनाला विचारलंच नाहीत.

जनुकातल्या बदलाचा अर्थ प्रथिनाचं काय होतं त्यावर ठरतो, हे मी तुम्हाला सांगावं असं नाही. पण हे पत्र इतर लोकही वाचणार आहेत, म्हणून डिस्ट्रोफिन या दुसऱ्या स्नायू-प्रथिनाचं उदाहरण देते. माणसाच्या सगळ्यांत मोठ्या जनुकांपैकी एक ते याचं: डीएनएची वीस लाखांहून जास्त अक्षरं, आणि त्यांत प्रथिनाचा मजकूर असलेले ७९ तुकडे, म्हणजे एक्सॉन. १९८७ साली हे प्रथिन ओळखलं गेलं आणि लगेच कोडं पडलं. काही मुलांच्या जनुकातला छोटासा तुकडा गळालेला, तरी त्यांना ड्युशेन हा तीव्र आजार. काहींचा त्याहून मोठा तुकडा गळालेला आणि त्यांना बेकर हा सौम्य प्रकार. १९८८ मध्ये त्याचा उलगडा झाला. पेशी जनुकाची अक्षरं तीन-तीनच्या गटांनी वाचते. एकटा एक्सॉन ४५ गळाला तर १७६ अक्षरं जातात. १७६ ला तीनने भाग जात नाही, त्यामुळे पुढचे सगळे गट सरकतात, लवकरच भलत्या जागी थांबा येतो आणि प्रथिन जवळपास नाहीसं होतं. ४५ ते ४७ असे तीन एक्सॉन गळाले तर ४७४ अक्षरं जातात, तीनने पूर्ण भाग जातो, आणि मधून आखूड पण दोन्ही टोकं शाबूत असलेलं प्रथिन तयार होतं. ते कामचलाऊ असतं, पण असतं. १९९० मध्ये तर असा एक रुग्ण नोंदवला गेला की ज्याच्या डिस्ट्रोफिनचा ४६ टक्के भाग गायब होता आणि वयाच्या ६१ व्या वर्षी तो चालत होता! जनुकोपचारात आखूड केलेलं डिस्ट्रोफिन वापरायचा विचार पुढे आला तो याच निरीक्षणामुळे. (सुमारे दहा टक्के रुग्ण या तीनच्या नियमात बसत नाहीत. त्यांच्याबाबतीतही निकाल लागतो तो स्नायूतलं प्रथिन पाहूनच.)

अल्फा-सार्कोग्लायकॅन या आणखी एका स्नायू-प्रथिनाचं तर आणखी वेगळं. त्यात ७७ व्या जागी अर्जिनिनऐवजी सिस्टीन येणं हा त्याच्या बिघाडाने होणाऱ्या आजारातला सर्वाधिक आढळणारा बदल. ते बदललेलं प्रथिन कामाचं असू शकतं, पण पेशीची तपासणी यंत्रणा त्याला सदोष ठरवून आवरणापर्यंत पोचण्याआधीच नष्ट करते. प्रयोगात ही विल्हेवाट रोखली तेव्हा प्रथिन जागेवर पोचलं. आजार तोच दिसतो, पण एकाचं प्रथिन बनतच नाही आणि दुसऱ्याचं बनून वाटेत मारलं जातं. उद्या औषध आलं तर या दोघांचं औषध एक नसेल.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी: तुम्ही अक्षरं वाचता आणि तिथेच थांबता. डिसफर्लिन रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींतही असतं. म्हणजे स्नायूचा तुकडा न काढता, साध्या रक्ताच्या नमुन्यावर ते मोजता येतं. प्रमाण सामान्याच्या सुमारे वीस टक्क्यांखाली असेल तर डिसफर्लिनच्या आजाराकडे जोरदार बोट जातं. ही गोष्ट कालपरवाची नाही, वीस वर्षांपासून छापलेली आहे. तरीही भावाच्या अहवालात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. आम्ही विचारल्यावर तुमचं उत्तर: ते डॉक्टरांनी सुचवायला हवं. डॉक्टर म्हणतात: प्रयोगशाळेने अहवालात लिहायला हवं होतं. या टोलवाटोलवीत आमचा नंबर कुठे लागतो?

आरएनएचीही, म्हणजे पेशी जनुकावरून जी नक्कल काढते तिचीही, तीच कथा. काही बदल अमिनो आम्ल बदलतात असं वरवर दिसतं, प्रत्यक्षात ते एक्सॉनची जोडणीच बिघडवतात. काही तर एक्सॉनपासून दूर, दोन एक्सॉनमधल्या इंट्रॉन या भागात लपलेले असतात आणि नेहमीच्या चाचणीत दिसतच नाहीत. २०१७ साली स्नायूतल्या आरएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी जनुकीय चाचण्या करूनही निदान न झालेल्या ५० रुग्णांपैकी १७ जणांचं निदान त्यातून झालं. म्हणजे तिघांत एकाहून थोडं जास्तच. ‘अनिर्णीत’ लिहून फाईल बंद करण्याआधी निदान ही वाट आहे एवढं तरी सांगायला नको का?

दुसरी तक्रार जरा कडू आहे. तुम्ही माहिती दाबून ठेवता. दाबून हा शब्द मी विचार करून वापरते आहे. २०१५ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत बदलांचं वर्गीकरण करायला २८ निकष दिले आहेत, आणि जगभर तेच वापरले जातात. त्यांतला एक असा: अप्रभावी आजारात तोच बदल आधीच सिद्ध झालेल्या रोगकारक बदलाच्या जोडीला, समोरच्या प्रतीवर आढळला तर तो पुरावा धरायचा. असे रुग्ण जितके सापडतील तितकं या पुराव्याचं वजन वाढतं. आता समजा, भावाचाच बदल दुसऱ्या एखाद्या घरात तुमच्यापैकी दुसऱ्या प्रयोगशाळेला दिसला. दोन्ही नोंदी क्लिनव्हारसारख्या खुल्या कोशात असत्या तर एकमेकांना आधार मिळाला असता. तो कोश २०१३ पासून सगळ्यांसाठी उघडा आहे. पण तुमच्यातले कित्येक जण आपल्या नोंदी व्यवसायाची ठेव समजून स्वतःकडे ठेवतात. मग दोन घरं, दोन अहवाल, दोन्हीकडे ‘अनिश्चित’. अनिश्चितता विज्ञानाची असेल तर आम्ही ती सोसू. कुलपाची असेल तर का सोसावी?

यालाच जोडून: एखादा बदल निरोगी माणसांत किती आढळतो, हे ज्या मोठ्या कोशांवरून ठरतं त्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा फार मोठा आहे. बाकीच्यांच्या वाट्याला ‘अनिश्चित’ जास्त येतं. म्हणजे ज्यांच्या नोंदींची सगळ्यांत जास्त गरज, त्यांच्याच नोंदी तुमच्या संगणकात बंद.

तिसरी: संगणकाचा अंदाज पुराव्यासारखा मांडणं. भावाच्या अहवालात सॉफ्टवेअरची नावं आणि पुढे ‘हानिकारक’, ‘हानिकारक’, ‘सह्य’ अशी यादी आहे. आम्ही ती मतमोजणीसारखी वाचली आणि रात्रभर झोपलो नाही. हे अंदाज सुधारलेत हे खरं. २०२३ मध्ये अल्फामिसेन्स या संगणकीय प्रणालीने एक अमिनो आम्ल बदलणाऱ्या ७ कोटी १० लाख संभाव्य बदलांचं भाकीत केलं. त्यांतले ३२ टक्के बहुधा रोगकारक आणि ५७ टक्के बहुधा निरुपद्रवी. पण प्रथिन बिघडेल म्हणणं वेगळं आणि त्यामुळे कोणता आजार, एका प्रतीने की दोन्हींनी, हे सांगणं वेगळं. कॅल्पेन-३ या स्नायूतल्या प्रथिनाचा आजार एरवी दोन्ही प्रती बिघडल्यावरच होतो; पण त्याच जनुकातली २१ अक्षरं गळण्याचा एक बदल एकाच प्रतीने आजार देतो, हे २०१६ मध्ये पुढे आलं. आणि टायटिन? तीस हजारांहून जास्त अमिनो आम्लांच्या त्या अवाढव्य प्रथिनात एकेक अमिनो आम्लाचे दुर्मिळ बदल धडधाकट माणसांतही इतके सापडतात की अहवालात टायटिनची ओळ पाहून घाबरलेल्यांची मला आता फक्त कणव येते.

चौथी फेरतपासणीची. सुरुवातीलाच सांगितली.

पाचवी भाषेची. घरच्यांना ज्या कागदावर लग्न, मूल, नोकरी यांचे निर्णय घ्यायचे आहेत तो कागद त्यांना कळेल असं एक पान तरी त्यात हवं. एवढंच.

तुमची बाजू मला ठाऊक नाही असं समजू नका. फेरतपासणीला माणसं लागतात, वेळ लागतो, चुकीचं निश्चित विधान केलं तर कोर्टकचेरी मागे लागते. व्हीयूएसवरून कुणी गर्भाबाबतचा निर्णय घेऊ नये, हेही बरोबर. घाईने ‘रोगकारक’ लिहून द्या असं मी म्हणत नाही. तसं कुणी केलं तर मीच पहिली हरकत घेईन. माझं म्हणणं एवढंच की, ‘अजून माहीत नाही’ असं लिहिणाऱ्यावर ते माहीत करून घेण्याची थोडी तरी जबाबदारी येते. चाचणीचे पैसे घेताना ती सोडून दिल्याचं तुम्ही कुठेही लिहिलेलं नव्हतं.

या ‘माहीत नाही’ची झळ कुठवर पोचते ते पाहा. डिसफर्लिनवरच्या औषधांच्या चाचण्यांत नाव घालायचं तर दोन्ही बदल सिद्ध झालेले लागतात. भावाला त्या दारातूनच परत फिरावं लागतं. ड्युशेनच्या बाबतीत तर उपचारच बदलागणिक ठरतो: २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं एटेप्लिर्सेन हे औषध फक्त एक्सॉन ५१ वगळून फायदा होईल अशा, म्हणजे सुमारे १३ टक्के रुग्णांपुरतं आहे. मी स्वतः निरोगी आहे, आणि भावाचा आजार हाच असेल तर मी वाहक, म्हणजे एकच प्रत बिघडलेली, असण्याची शक्यता तीनात दोन. पण माझ्याकडे वडिलांकडचा तो अनिश्चित बदल निघाला तर मला काय सांगणार आहात? चुलत भावंडं विचारतात, त्यांना मी काय सांगू?

म्हणून मागण्या. अनिर्णीत अहवाल दिलेल्या प्रत्येक रुग्णाचा अहवाल ठरावीक मुदतीने, निदान दर दोन वर्षांनी, मागणी न करता तपासला जावा. वर्गीकरण बदललं तर रुग्णाला आणि डॉक्टरांना दोघांनाही कळवावं, आणि ती मुदत अहवालावरच छापावी. बदल ‘अनिश्चित’ ठरला की पुढे कोणती प्रथिनाची किंवा आरएनएची चाचणी उपयोगी पडेल, ती कोणत्या नमुन्यावर होते, हे अहवालात नाव घेऊन लिहावं. तुमच्याकडे ती होत नसेल तर नमुना जिथे होते तिथे पाठवण्याची सोय करावी. कुटुंबातल्या इतरांची त्या एका बदलापुरती तपासणी पूर्ण चाचणीचे पैसे न लावता करावी. बदल आजाराबरोबर वावरतो का, हे कळायला त्याहून सोपा मार्ग नाही. ओळख काढून टाकलेल्या सगळ्या बदलांच्या नोंदी, पुराव्यासकट, खुल्या कोशात जमा कराव्यात. संशोधकांना माझी विनंती वेगळी आहे: २०२३ मध्ये बीटा-सार्कोग्लायकॅनचे एक अमिनो आम्ल बदलणारे सगळे संभाव्य बदल पेशींत करून पाहिले गेले आणि कोणत्या बदलाने प्रथिन पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचत नाही याची यादीच तयार झाली. रुग्ण यायच्या आधी उत्तर तयार. डिसफर्लिन त्याच्या कितीतरी पट लांब आहे, काम मोठं आहे, पण ते तुकड्यातुकड्यांनी सुरू तरी होऊ द्या. प्रयोगशाळांकडे साठलेले बदल त्या यादीच्या अग्रभागी ठेवता येतील.

आमच्याकडून काय मिळेल तेही लिहिते. भावाच्या दोन्ही बदलांची नोंद नावाशिवाय खुल्या कोशात टाकायला त्याची लेखी संमती आहे. मोनोसाइट तपासणीसाठी रक्त द्यायला तो, मी आणि आईवडील तयार आहोत. जुन्या बायोप्सीचा उरलेला तुकडा गोठवून ठेवलेला आहे का, याची विचारणा आम्ही केली आहे. असेल तर तोही द्यायला हरकत नाही. ज्या प्रयोगशाळेने नकार दिला तिला या पत्राची प्रत आणि संमतीपत्र आजच पाठवते आहे. कळवायचं असेल ते लेखी कळवावं, आणि आमची ओळख वगळून ते जाहीर केलंत तरी आमची ना नाही.

आपली,
एका रुग्णाची मोठी बहीण